मस्तकावरील खाडी : एका दुर्मिळ विकाराचा इतिहास

तान्हें मूल रडूं लागलें कीं त्याच्या डोक्यावर, बहुधा मध्यरेषेवर किंवा तिच्या लगत, एक मऊ फुगवटी वर येते. मूल आडवें निजविलें तरी ती येते. आणि त्यास उचलून खांद्याशीं उभें धरलें म्हणजे थोड्याच वेळांत ती नाहींशी होते. त्या जागेची कातडी कधीं कधीं किंचित् निळसर दिसते. बोटानें हलकेच दाबलें तर फुगवटी विरघळल्यासारखी आंत जाते, आणि बोटाखालीं कवटीच्या हाडांत लहानशी खळगी लागते. हीं सारीं लक्षणें आईच्या ध्यानांत प्रथम येतात, डॉक्टरच्या मागाहून. कारण दवाखान्यांत मूल मांडीवर बसलेलें असतें, आणि बसलेल्या मुलाच्या डोक्यावर दाखविण्यासारखें फारसें कांहीं उरलेलें नसतें. ज्या घरांत टाळू भरण्याची चाल अजून आहे तेथें तर तेल घालणारीचा हात रोज त्याच जागेवरून फिरतो. असें कांहीं असल्यास तें त्या हातास पहिल्यानें कळावें हें स्वाभाविकच आहे.

ह्या विकारास वैद्यकांत ‘सायनस पेरिक्रॅनिआय’ असें लॅटिन नांव आहे. तो इतका दुर्मिळ आहे कीं पुष्कळ डॉक्टरांच्या सबंध व्यवसायांत असा एकही रोगी येत नाहीं. मग त्यावर साहित्यविषयक मासिकांत लिहिण्याचें प्रयोजन काय, असें वाचक विचारतील. आम्ही वैद्य नव्हे. इतिहास शिकविणें हा आमचा व्यवसाय. परंतु शस्त्रवैद्यकाचा इतिहास आम्हीं जेथें जेथें वाचला तेथें तो बहुधा शस्त्राच्या दिग्विजयाच्या थाटानें सांगितलेला आढळला : अमक्यानें अमुक सालीं पोट उघडलें, तमक्यानें मेंदू उघडला, आणि पुढच्यानें हृदय. ह्या लहानशा विकाराचा इतिहास त्या थाटांत बसत नाहीं. ज्यांनीं हात आवरला त्यांचा तो इतिहास आहे. आणि हात कोठें आवरावयाचा हें कळण्यास वैद्यकास दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला.

विकार समजण्यापूर्वीं डोक्यांतून हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताची वाट थोडीशी पाहिली पाहिजे. मेंदूभोंवतीं जें जाड आवरण आहे त्याच्या पदरांमध्यें रुंद कालवे आहेत. मेंदूच्या शिरा आपलें रक्त त्यांत आणून ओततात. त्यांतील सर्वांत मोठा कालवा कपाळापासून डोक्याच्या मागच्या भागापर्यंत बरोबर मध्यरेषेखालून जातो. मागें जेथें हे कालवे एकत्र मिळतात त्या संगमास आजही ‘हिरोफिलसचा घाणा’ अशा अर्थाचें लॅटिन नांव आहे. हा हिरोफिलस इ. स. पूर्वीं तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया येथें शरीरविच्छेदन करीत असे, व त्यास ती जागा द्राक्षें पिळण्याच्या घाण्यासारखी वाटली म्हणे. आपल्या सुश्रुतसंहितेंतही मर्मांचें वर्णन करतांना मस्तकाच्या आंत वरच्या बाजूस, जेथें शिरा व सांधे एकत्र मिळतात व बाहेरून केसांचा भोंवरा ही ज्याची खूण आहे, त्या जागेस ‘अधिपति’ असें नांव देऊन तेथील घाव तत्काळ प्राणघातक सांगितला आहे. एवढ्यावरून सुश्रुतास हा विकारही ठाऊक होता असें म्हणण्याचा मोह कोणास झाल्यास आम्ही त्यांत सामील होणार नाहीं. त्या जागेचें भय त्यास ठाऊक होतें, इतकेंच ग्रंथावरून निघतें. आणि तेंही कांहीं थोडें नव्हे.

कवटीच्या आंतील ह्या कालव्यांचा बाहेरच्या कातडीखालील शिरांशीं संबंध येतो तो हाडांतील बारीक छिद्रांवाटे. इटलीचा शारीरज्ञ सान्तोरीनी यानें १७२४ सालच्या आपल्या ग्रंथांत ह्या छिद्रांतून जाणाऱ्या शिरांचें वर्णन केलें, आणि पुष्कळ काळ त्या त्याच्याच नांवानें ओळखल्या जात. कवटीच्या हाडाचे दोन कठीण पापुद्रे असतात व त्यांच्यामध्यें जाळीदार थर असतो; त्या थरांतही शिरांचें जाळें आहे. १९ व्या शतकाच्या पूर्वार्धांत फ्रान्सच्या ब्रेशे यानें त्याचीं चित्रें सविस्तर काढून प्रसिद्ध केलीं. म्हणजे एकंदरींत तीन मजले झाले : आंत कालवे, मध्यें हाडांतील शिरा, बाहेर कातडीखालील शिरा, आणि जिन्याच्या जागीं हीं छिद्रें.

येथें एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. फाब्रिसियस यानें १६०३ सालीं शिरांमधील झडपांवर ग्रंथ लिहिला, आणि त्याचा शिष्य हार्वे यानें १६२८ सालीं त्याच झडपांच्या आधारें रक्त एकाच दिशेनें फिरतें हें सिद्ध केलें. हाताच्या शिरेवर बोट ठेवून केलेला हार्वेचा तो प्रयोग महाविद्यालयांतील प्रत्येक विद्यार्थ्यास माहीत असतो. परंतु मेंदूभोंवतालच्या ह्या कालव्यांत झडपा नाहींत, आणि हाडांतून बाहेर येणाऱ्या शिरांतही त्या सामान्यतः नसतात. त्यामुळें तेथें रक्त दोन्ही दिशांनीं वाहूं शकतें. माणूस उभा असतांना एकीकडे, आडवा झाल्यावर दुसरीकडे. आंतील दाब वाढला तर बाहेर, कमी झाला तर आंत. मूल रडूं लागलें कीं छातींतील दाब वाढतो, डोक्यांतील रक्तास खालीं उतरण्यास अडथळा होतो, आणि तें मिळेल त्या वाटेनें वर येतें. जेथें हाडांतील छिद्र नेहमींपेक्षां मोठें असून त्याच्या तोंडाशीं शिरांचा फुगलेला पुंजका आहे, तेथें ही भरती डोळ्यांस दिसते.

ह्या फुगवटीचें वर्णन प्रथम कोणी केलें यावर वाद घालण्यांत अर्थ नाहीं. १८४५ सालीं हेकर नांवाच्या जर्मन शस्त्रवैद्यानें कपाळावरील अशा एका विकारास लांबलचक लॅटिन नांव दिलें होतें. तें कोणाच्या तोंडीं बसलें नाहीं. टिकलें तें पांच वर्षांनीं स्ट्रोमायर यानें दिलेलें नांव. १८५० सालीं ‘डॉइचे क्लिनिक’ ह्या जर्मन वैद्यकीय पत्रांत त्यानें जेमतेम दोन पानांचें टिपण लिहिलें, आणि कवटीस लागून असलेली, हाडांतील शिरांच्या द्वारें आंतील कालव्यांशीं जोडलेली रक्ताची पिशवी, अशी त्या विकाराची व्याख्या केली.

ह्या स्ट्रोमायरविषयीं दोन शब्द अधिक लिहिल्यावांचून आमच्यानें पुढें जाववत नाहीं. गेऑर्ग फ्रीडरिख लुई स्ट्रोमायर (१८०४–१८७६) हा मूळचा हॅनोवरचा. १८३१ सालीं त्यानें वांकड्या पायावर एक नवीन शस्त्रक्रिया केली : टांचेवरील ताठ झालेली दोरी त्यानें कातडीस अगदीं बारीक छिद्र पाडून आंतल्या आंत छेदली. जखम उघडी ठेवली कीं ती चिघळते, हवेपासून झांकून ठेवली तर बरी होते, एवढें अनुभवानें त्याच्या ध्यानांत आलें होतें; कारण कळावयास अजून तीस-पस्तीस वर्षें होतीं. विल्यम जॉन लिट्ल नांवाचा एक तरुण इंग्रज डॉक्टर लहानपणापासून पायानें अधू होता. मायदेशांत त्यास शस्त्रक्रियेपासून परावृत्त करण्यांत आलें होतें. १८३६ सालीं तो हॅनोवरास गेला, स्ट्रोमायरकडून पाय सरळ करून घेतला, आणि परत येऊन लंडनमध्यें ह्याच कामासाठीं त्यानें रुग्णालय काढलें. पुढें स्ट्रोमायर श्लेस्विग-होल्स्टाइनच्या सैन्याचा मुख्य शस्त्रवैद्य झाला. तेथेंही सरसकट हातपाय कापून टाकण्यापेक्षां ते वांचविण्याकडे त्याचा कल असे. मोठें छिद्र न पाडतां काम कसें होईल हें ज्यानें आयुष्यभर पाहिलें, त्यानेंच ह्या विकाराचें नांव ठेवावें यांत आम्हांस एक प्रकारचें औचित्य वाटतें.

नांवाविषयींही थोडें. लॅटिन ‘सायनस’ शब्दाचा मूळ अर्थ वांक, पदराचा घोळ. आणि त्यावरूनच किनाऱ्याचा वांक, म्हणजे आखात किंवा खाडी. मराठींत ह्या विकारास नांव नाहीं. परिभाषा बनविण्याची हौस असलेले आमचे कांहीं मित्र लगेच ‘परिकपालशिराविवर’ असा कांहीं तरी समास पुढें करतील. आम्हांस विचाराल तर ‘खाडी’ हा शब्द पुरे आहे. कोंकणांत ज्यानें एक दिवस खाडीच्या कांठीं काढला असेल त्यास झडपांचें प्रकरण समजावून सांगावें लागत नाहीं. नदीचें पाणी एकाच दिशेनें जातें. खाडीचें भरतीस वर चढतें, ओहोटीस खालीं उतरतें. आणि खाडीचें तोंड बुजविणाऱ्यानें वरचें पाणी कोठून जाणार याचा विचार आधीं करावा लागतो. हा शेवटचा मुद्दाच पुढील साऱ्या इतिहासाचें मर्म आहे.

१८५० सालीं क्लोरोफॉर्म मिळूं लागला होता. ईथरनें भूल देण्याचा बॉस्टन येथील प्रसिद्ध प्रयोग होऊन जेमतेम चार वर्षें झालीं होतीं. परंतु लिस्टरची जंतुनाशक पद्धति १८६७ सालची. डोक्यावरचें आवाळूं समजून अशा पिशवीस कोणीं चाकू लावला तर दोन संकटें उभीं राहात. पहिलें उघड आहे : रक्तस्राव, तोही हाडाच्या छिद्रांतून, जेथें चिमटा लावून शीर धरतां येत नाहीं. दुसरें अधिक भयंकर. आंतील कालव्यांच्या भिंती ताठ आवरणाच्या असल्यामुळें त्या इतर शिरांप्रमाणें मिटत नाहींत. डोकें हृदयाच्या बरेंच वर असेल तर त्यांत बाहेरची हवा ओढली जाते, आणि ती हृदयांत पोंचली तर मृत्यु अगदीं थोड्या वेळांत येऊं शकतो. म्हणून जुन्या शस्त्रवैद्यांपुढें प्रश्न ‘कसें कापावें’ हा नव्हताच. ‘ओळखावें कसें’ हा होता.

आणि ओळखण्याचें साधन होतें मुलास निजविणें व बसविणें. ह्याहून स्वस्त परीक्षा वैद्यकांत दुसरी क्वचितच असेल. मात्र ती एकटी पुरत नाहीं. कवटीच्या फटींतून मेंदूचें आवरण, क्वचित् मेंदूचा भागही, पिशवीच्या रूपानें बाहेर आलेला असतो. ती पिशवीही रडतांना फुगते व तिच्याखालींही हाडांत भोंक असतें. तिचा ठोका कधीं कधीं नाडीबरोबर लागतो; रक्ताच्या ह्या पिशवीचा सहसा लागत नाहीं. जन्मापासून असणारी त्वचेची गांठ, जींत केस व तेलकट पदार्थ सांपडतात, तीही मध्यरेषेवरच होते; पण ती मुलाच्या रडण्या-निजण्याची दखल घेत नाहीं. प्रसूतीच्या वेळीं हाडाच्या आवरणाखालीं सांखळलेलें रक्त हाडांच्या सांध्यापलीकडे पसरत नाहीं व कांहीं आठवड्यांत, फार तर महिन्यांत, जिरून जातें. एवढीं सोंगें पारखल्यावर जुना अनुभवी डॉक्टर एकच नियम सांगे, आणि तो आजही तसाच आहे : मुलाच्या मध्यरेषेवरील गांठींत काय आहे हें नक्की कळल्याखेरीज सुई टोंचून पाहूं नये.

आरंभींचे लेखक ह्या विकाराचें कारण म्हणून डोक्यास बसलेल्या माराकडे बोट दाखवीत. पुढें मार न बसलेल्या मुलांतही तो आढळूं लागला, आणि उपजत, आपोआप झालेला व आघातानें झालेला असे तीन वर्ग मानण्याची चाल पडली. आम्हांस ह्या वर्गीकरणांत इतिहासकाराच्या ओळखीची एक चूक दिसते. मूल पडलें नाहीं असें कोणतें घर आहे? गांठ दिसली म्हणजे मागें कधीं तरी झालेलें पडणें आठवतेंच. आणि आठवलें म्हणजे तेंच कारण ठरतें. कांहीं प्रकरणें खरोखर आघाताचीं आहेत यांत शंका नाहीं. परंतु मुलांतील बहुतेक प्रकरणें आज उपजत दोषाचींच समजतात. शिरांचें जाळें गर्भांत घडत असतां आंतील दाबामुळें किंवा मुख्य कालव्याच्या घडणींतील उणिवेमुळें ही बाजूची वाट राहून जाते, असें आतां मानतात.

शब्दांच्या घोळामुळें झालेलें नुकसान आम्हांस त्याहूनही मोठें वाटतें. रक्तवाहिन्यांची कोणतीही गांठ दिसली कीं तिला एकच नांव लावण्याची प्रथा विसाव्या शतकांतही बराच काळ चालली. १९८२ सालीं बॉस्टनच्या मलिकन व ग्लोवाकी या दोघांनीं पेशींच्या तपासणीवरून दोन वर्ग काटेकोर वेगळे केले. एक, तान्हेपणीं झपाट्यानें वाढणारी व पुढें आपोआप ओसरणारी रक्तवाहिन्यांची गांठ. दुसरा, उपजत रचनादोष, जो मुलाबरोबर वाढतो पण स्वतः होऊन वाढणाऱ्या पेशींचा नसतो. पहिल्या वर्गावर प्रोप्रॅनोलॉल हें हृदयविकाराचें जुनें औषध विलक्षण गुण देतें, हा शोध २००८ सालीं बोर्दो येथें लागला. आमची खाडी दुसऱ्या वर्गांतली. तिला त्या औषधाचा उपयोग नाहीं. चुकीच्या नांवाखालीं महिनोन् महिने औषध घेऊन वाट पाहणाऱ्या आईस हा भेद केवळ पंडिती वाटणार नाहीं.

आतां यंत्रांकडे वळूं. राँटजेनच्या किरणांनीं १८९५ नंतर हाडांतील छिद्रें दिसूं लागलीं. परंतु छिद्र दिसलें म्हणून वाहतें रक्त दिसत नाहीं. १९२७ सालीं लिस्बन येथें एगास मोनिझ यानें मानेंतील धमनींत अपारदर्शक द्रव सोडून मेंदूंतील वाहिन्यांचें चित्र घेतलें. (ह्याच मोनिझला १९४९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, तें मात्र ह्या शोधाबद्दल नव्हे, मनोरुग्णांच्या मेंदूचे तंतु छेदण्याची जी क्रिया त्यानें काढली तिच्याबद्दल. चित्र घेण्याची पद्धति आज सर्वत्र आहे, छेदण्याची ती क्रिया लोकांनीं टाकून दिली. पारितोषिक देणाऱ्यांनाही चाकूचें आकर्षण सुटलें नाहीं तर इतरांस दोष काय द्यावा?) १९७१ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या विम्बल्डन भागांतील रुग्णालयांत हाउन्सफील्डच्या यंत्रानें जिवंत माणसाच्या मेंदूचे आडवे छेद प्रथम दाखविले, त्यानंतर चुंबकीय चित्रण आलें. मुलाच्या बाबतींत आतां आरंभ बहुधा ध्वनिलहरींच्या परीक्षेनें करतात, कारण तींत किरण नाहींत, भूल नाहीं, आणि आईच्या मांडीवर मूल असतांनाच रक्त कोणत्या दिशेनें वाहतें तें दिसतें. त्यापुढें चुंबकीय चित्रानें आंतील कालवे व मेंदू पाहतात. शस्त्रक्रियेचा विचार असेल तरच मोनिझच्या पद्धतीचें सुधारलेलें रूप वापरतात.

यंत्रांनीं उत्तर दिलें तें मात्र विचारलेल्या प्रश्नाचें नव्हतें. डॉक्टर विचारीत होते, ही पिशवी काढतां येईल काय? चित्रांत दिसलें कीं कांहीं मुलांत पिशवी हा फांटा नसून मुख्य रस्ता आहे. २००७ सालीं गांदोल्फो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १५ रोग्यांच्या अभ्यासावरून हा भेद स्पष्ट शब्दांत मांडला. एका प्रकारांत मेंदूचें बहुतेक रक्त नेहमींचा मार्ग सोडून ह्याच वाटेनें बाहेर पडतें. दुसऱ्यांत त्याचा लहानसा अंशच इकडे येतो. दुसऱ्या प्रकारची वाट बंद करतां येते. पहिल्या प्रकारची बंद केली तर मेंदूंतील रक्तास बाहेर पडण्यास जागा राहात नाहीं. तें तुंबतें, मेंदूस सूज येते, रक्तस्रावही होऊं शकतो. ज्या मुलांच्या कवटीचे सांधे वेळेपूर्वींच जुळून येतात त्यांच्यांत, आणि विशेषतः क्रूझों यानें १९१२ सालीं वर्णन केलेल्या विकारांत, हें फार जपावें लागतें. त्यांच्या कवटीच्या तळाशीं रक्त उतरण्याचीं द्वारें अरुंद असतात, म्हणून हाडांतील ह्या शिराच त्यांचा आधार असतात. कवटी मोठी करण्यासाठीं जो शस्त्रवैद्य कातडी उचलतो, त्यास ह्या वाटा आधीं नकाशावर पाहून मगच पाऊल टाकावें लागतें.

जेथें शस्त्रक्रिया करावयाची ठरते तेथें ती आतां पूर्वींसारखी भयावह नाहीं. डोकें हृदयाच्या किंचित् वर ठेवतात. फार वर नेलें तर हवेचें भय, फार खालीं ठेवलें तर रक्ताचें. पिशवी आवरणासह हाडावरून उचलून तिच्या शिरा बांधतात, आणि हाडांतील छिद्रें मेणानें बुजवितात. हें मेण लंडनच्या व्हिक्टर हॉर्स्ली यानें १८९२ सालीं प्रसिद्ध केलें, आणि त्याची कल्पना इतकी साधी कीं सव्वाशें वर्षांनंतरही तिचें काम संपलेलें नाहीं. अलीकडे कांहीं ठिकाणीं चाकू न लावतां पिशवींत घट्ट होणारा द्रव सोडून तिचें तोंड बंद करतात. कारणें बहुधा दोनच : डोक्यास मार बसून रक्तस्राव होण्याची भीति, आणि रूप. दुसऱ्या कारणास हलकें लेखणारे लोक आहेत; आम्ही त्यांच्यांतले नाहीं. शाळेंत जाणाऱ्या मुलीस कपाळावरची गांठ काय वाटते हें तिनेंच सांगावयाचें.

पुष्कळ मुलांच्या बाबतींत मात्र कांहींच करीत नाहींत. कांहीं लहान फुगवट्या वय वाढतां वाढतां आपोआप लहान झाल्याच्या नोंदी आहेत. अशा मुलास ठराविक काळानें बोलावतात, गांठीचें माप घेतात, ध्वनिलहरींनीं पुन्हां पाहतात, आणि आईस सांगतात कीं सायकल चालवितांना डोक्यावर टोप असूं द्या, आणि जखम झालीच तर त्या जागेवर स्वच्छ फडकें दाबून धरून मुलास लगेच रुग्णालयांत आणा. मग मुलास पुन्हां एकदां टेबलावर निजवितात, थोडें थांबतात, आणि बसवितात.